भविष्याला शेवटचा भाग हवा

विज्ञानकथेतल्या अभिजात कादंबऱ्या पडद्यावर आणायच्या असतील तर त्यांच्या छोट्या मालिका कराव्यात. चार, सहा, फार तर आठ भागांच्या, आणि शेवट आधीच लिहून ठेवलेल्या. अडीच तासांच्या सिनेमात त्या मावत नाहीत आणि लोक बघताहेत तोवर ओढत न्यायच्या मालिकेत त्या मरतात. हे माझं पहिलं म्हणणं. दुसरं असं की हे काम मराठीत व्हायला हवं, आणि मुंबईची वाट न बघता ते सोलापुरासारख्या शहरातून सुरू होऊ शकतं. पहिल्यावर इथे फारसं कुणी भांडत नाही. दुसरं काढलं की पार्क चौकापासून अशोक चौकापर्यंत एकच उत्तर मिळतं, "पैसा कुठाय बे?" त्या प्रश्नाकडे येतो, पण आधी कादंबऱ्यांकडे.

सामाजिक कादंबरीचा नायक माणूस असतो. तो जगतो, चुकतो, बदलतो आणि आपण त्याच्या मागे जातो. विज्ञानकादंबरीत पुष्कळदा एक तर्क नायकाच्या जागी बसलेला असतो. समजा, परग्रहावरचे शहाणे लोक आले आणि त्यांनी युद्ध, भूक, रोगराई संपवून टाकली. समजा, पुढच्या हजार वर्षांचा इतिहास गणितानं आधीच मांडता आला. समजा, पाण्याचा थेंब नसलेल्या एका ग्रहावर असा पदार्थ सापडला की त्याच्याशिवाय ताऱ्याताऱ्यांमधला प्रवासच ठप्प होईल. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. त्यातून पुढे काय काय निघतं, कुणाचं राज्य जातं, कुणाचा देव बदलतो, घरातल्या आईला आपल्याच मुलाची भीती कधी वाटायला लागते, हे उलगडायला वेळ लागतो. सिनेमा तर्क झकास दाखवतो आणि परिणामांवरून घाईघाईनं निघून जातो.

'ड्यून'चं उदाहरण घ्या. फ्रँक हर्बर्ट यांची ही कादंबरी १९६५ची. डेव्हिड लिंच यांनी १९८४मध्ये तिचा सव्वादोन तासांचा सिनेमा केला. पात्रांच्या मनातले विचार कुजबुजत ऐकवूनही, पुस्तक न वाचलेल्या प्रेक्षकाला कोण कुणाचा वैरी आणि का, हे कळायची पंचाईत झाली. २००० साली अमेरिकेतल्या साय-फाय चॅनलनं तीच कादंबरी तीन भागांत केली. दिग्दर्शक होते जॉन हॅरिसन. चित्रीकरण प्रागमधल्या स्टुडिओत झालं आणि वाळवंट म्हणजे पाठीमागे लावलेले रंगवलेले प्रचंड पडदे होते. तीन ऑस्कर मिळवलेले छायालेखक विट्टोरियो स्टोरारो यांनी त्या पडद्यांवर रंगीत प्रकाश खेळवला आणि त्यासाठी त्यांना एमी पारितोषिक मिळालं. त्यातल्या काही टोप्या बघून आज हसू फुटतं. पण चार तासांहून जास्त वेळ हाताशी असल्यामुळे सम्राटानं आपल्याच सरदाराचा काटा का काढला, वाळवंटातल्या लोकांना त्या सरदाराचा पोरगा तारणहार का वाटला आणि तसं वाटावं याची तजवीज कुणी किती आधी करून ठेवली होती, हे सगळं समजतं. राजकन्या इरुलान पुस्तकात मुख्यतः प्रकरणांच्या सुरुवातीच्या अवतरणांतून भेटते. मालिकेत ती राजकारण वाचणारी हुशार बाई म्हणून हिंडते-फिरते. पुढे दनी व्हिलनव्ह यांनी २०२१ आणि २०२४मध्ये दोन देखणे सिनेमे केले तेव्हा त्यांनाही एका कादंबरीसाठी पाच तासांच्या वर वेळ लागला. म्हणजे दोन भागांची मालिकाच ती, फक्त तिकीट काढून बघायची.

वेळ मिळाला की काम फत्ते, असं मात्र मुळीच नाही. आर्थर सी. क्लार्क यांची 'चाइल्डहूड्स एंड' १९५३ची. परग्रहवासी येतात, कुणालाही न मारता पृथ्वीचा ताबा घेतात, सुबत्ता आणतात आणि स्वतःचं रूप मात्र पन्नास वर्षं लपवून ठेवतात. त्यांच्याशी बोलणारा मानवांचा प्रतिनिधी स्टॉर्मग्रेन हा कादंबरीत संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस आहे. २०१५च्या तीन भागांच्या मालिकेत तो अमेरिकेच्या मिसुरी राज्यातला शेतकरी झाला. सामान्य माणूस हवा, त्याला एक गेलेली बायको हवी, एक आत्ताची हवी, डोळ्यांत पाणी हवं, असा हिशेब असावा. त्या हिशेबात क्लार्क यांचा प्रश्नच वजा झाला. सगळ्या मानवजातीच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणाला, आणि तो त्याला कुणी दिला? निवडून न आलेल्या पण नियमांनी नेमलेल्या एका मुत्सद्द्याला परकी सत्ता विश्वासात घेते, तेव्हा रस्त्यावरच्या लोकांना संशय येणारच. शेतकऱ्याच्या बाबतीत तो संशयच उरत नाही, बिचारा भला माणूस आहे एवढंच उरतं. सहा तास असोत की सोळा, प्रश्न काढून टाकल्यावर त्या वेळाचं करायचं काय?

त्याच कादंबरीतली आणखी एक गोष्ट मराठी रूपांतरकाराला झोप लागू देणार नाही. ते परग्रहवासी अखेर समोर येतात तेव्हा शिंगं, पंख, शेपूट असलेल्या ख्रिस्ती सैतानासारखे दिसतात. तिकडच्या वाचकाच्या पोटात गोळा येतो तो ह्यामुळे. आमच्या सोलापुरात शिंगं म्हटल्यावर आधी नंदी आठवतो आणि संक्रांतीच्या नंदीध्वजांची मिरवणूक डोळ्यांसमोर येते. ती शिंगं जशीच्या तशी उचलून आणली तर भीती वाटणार नाहीच, उलट एखादा हात जोडेल. तो धक्का आपल्याकडे कशानं बसेल ते शोधणं, हे रूपांतर. शिंगांची नक्कल तर मेकअपवालाही करील.

आता न संपणाऱ्या मालिकेकडे. आयझॅक असिमॉव्ह यांचं 'फाउंडेशन' पुस्तकरूपानं १९५१मध्ये आलं. त्यातल्या कथा १९४२पासून मासिकात छापून येत होत्या. त्याचा गाभा असा की एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही, अब्जावधी माणसांच्या समूहाचं मात्र गणितानं सांगता येतं. म्हणूनच त्या पुस्तकात कुठलंही पात्र फार टिकत नाही. काही दशकं उलटतात, आधीची माणसं मेलेली असतात, नवी आलेली असतात आणि इतिहास आपल्या वाटेनं चाललेला असतो. सॅल्व्हर हार्डिन नावाचा महापौर शस्त्र न उचलता, शेजारच्या राज्यांना एकमेकांच्या धाकात ठेवून आपलं गाव वाचवतो. अॅपलनं २०२१पासून सुरू केलेल्या मालिकेत सॅल्व्हर ही बंदूक घेऊन गस्त घालणारी तरुणी आहे. स्त्री केल्याबद्दल माझी तक्रार नाही. मूळ पुस्तकातला बायकांचा दुष्काळ लाजिरवाणाच आहे. तक्रार बंदुकीबद्दल आहे. शिवाय शतकं उलटली तरी ओळखीचे चेहरे दिसावेत म्हणून कुणाला गोठवून झोपवलं, कुणाची यंत्रात नक्कल उतरवली. पुढच्या हंगामाला प्रेक्षक परत यायचा तर आवडतं पात्र जिवंत लागतं. समूहाचा इतिहास सांगणारी गोष्ट अशी चार-पाच अपरिहार्य माणसांची झाली. धंद्याच्या गरजेनं कादंबरीचा सिद्धान्त उलटा केला, आणि तो कुणी दुष्टपणानं केला नाही, मालिकेच्या न संपणाऱ्या आकारानंच करायला लावला.

गंमत म्हणजे त्या मालिकेतली सगळ्यात जमलेली कल्पना पुस्तकात कुठेच नाही. एकाच सम्राटाच्या तीन वयांच्या प्रती, लहान, प्रौढ आणि म्हातारी, एकाच वेळी गादीवर आहेत आणि शतकानुशतकं हेच चालू आहे. बदल नाकारणारं साम्राज्य कसं कुजतं, हा असिमॉव्ह यांचाच विषय, त्यांना न सुचलेल्या चित्रातून. म्हणून 'पुस्तकात आहे तस्संच दाखवा' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. प्रसंग बदला, पात्रं बदला, गाव बदला. प्रश्न आणि शेवट यांना हात लावताना मात्र दहादा विचार करा.

चिनी कादंबरी 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'च्या बाबतीत दोन्ही टोकं एकापाठोपाठ बघायला मिळाली. टेन्सेंटनं २०२३मध्ये तीस भाग केले, नेटफ्लिक्सनं २०२४मध्ये आठ. तीसमध्ये पाणी घातलंय, आठमध्ये धाप लागते. पण आठ भागांची मालिका सांस्कृतिक क्रांतीतल्या त्या भर सभेत सुरू होते, जिथे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला मुलीच्या डोळ्यांदेखत मारून टाकतात. चीनमध्ये छापलेल्या पुस्तकातही ते प्रकरण सुरुवातीला न ठेवता आत सरकवलेलं होतं. इंग्रजी भाषांतरात ते पुन्हा पहिलं झालं. ती मुलगी पुढे माणसांविरुद्ध परग्रहाला साद घालते, त्याचं कारण त्या सभेत आहे. ते पुसट केलं की तिचं कृत्य निव्वळ वेडेपणा वाटतो.

छोट्या मालिकेचा आणखी एक गुण आपल्याकडे चाळीसेक वर्षांपूर्वीच दिसून गेलाय, आणि तो कलेपेक्षा सार्वजनिक जीवनाशी जास्त संबंधित आहे. १९८८मध्ये दूरदर्शनवर गोविंद निहलानी यांची 'तमस' दाखवली जात होती. भीष्म साहनी यांच्या फाळणीवरच्या कादंबरीवरची ही मालिका काही मोजक्या भागांची. तिच्यावर बंदी घाला म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती संपूर्ण पाहिली आणि दाखवायला परवानगी दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानंही बंदीची मागणी फेटाळली. यातला 'संपूर्ण' हा भाग मोलाचा. जिला शेवट आहे तिच्याविषयी निवाडा देता येतो, वाद घालता येतो, ती पटली नाही तर तसं ठामपणे म्हणता येतं. पाचव्या हंगामाची तयारी चाललेल्या मालिकेबद्दल कुणी काही बोललं की उत्तर तयारच असतं, थांबा, पुढे बघा. विज्ञानकादंबरी समाजापुढे प्रश्न टाकत असेल तर तिला असं पुढे पुढे पळू देऊन चालणार नाही.

तेरा-तेरा भागांच्या मालिकांची सवय आपल्याला होती. मराठीत 'स्वामी', 'गोट्या', 'चिमणराव' ही पुस्तकातून पडद्यावर आलेली मंडळी लोकांच्या घरात वावरली. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आला आणि २०१७मध्ये सिनेमात मोठा होऊन परतला. म्हणजे पुस्तकं पडद्यावर आणण्याचं आपल्याला वावडं नव्हतं. विज्ञानकथेपाशी मात्र आपण अडखळलो, आणि तेही ती आपल्याकडे भरपूर असताना. ज्युल्स व्हर्नला मराठी मुलांच्या पिढ्या भागवतांच्या हातून भेटल्या. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४मध्ये 'नारायण विनायक जगताप' या नावानं आलेल्या 'कृष्णविवर' कथेला पारितोषिक मिळालं आणि नंतर कळलं की लेखक जयंत नारळीकर आहेत. नाव लपवण्यामागचा हेतू सरळ होता. परीक्षकांनी कथा वाचावी, शास्त्रज्ञाची कीर्ती वाचू नये. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा ज्यांनी त्यांची एक ओळही वाचली नव्हती अशांनीही श्रद्धांजल्या लिहिल्या. त्यातल्या एखाद्या वाहिनीनं 'वामन परत न आला' सहा भागांत करू, एवढं म्हटलं असतं तर ती श्रद्धांजली पोचली असती.

ती कादंबरी आठवा. उत्खननात गतकाळातल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो, त्यातल्या ज्ञानावरून आपले शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्रमानव घडवतात आणि मग पेच उभा राहतो की त्याला त्याच्यासारखाच दुसरा घडवू द्यायचा का. तीन पावलं जमीन मागणाऱ्या बटूचं नाव त्याला उगाच दिलेलं नाही. हे लिहिलं गेलं तेव्हा आपल्या बहुतेक कचेऱ्यांत टंकलेखन यंत्र खडखडत होतं. आज शाळकरी पोरंही कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून घेतात. ही कादंबरी पडद्यावर आणायला आणखी कसला मुहूर्त हवाय?

आणि आता पैसा. नारळीकरांच्या कथा बहुतेक प्रयोगशाळांत, बैठकींत, मंत्रालयाच्या केबिनांत, विमानतळांवर घडतात. माणसं बोलतात, वाद घालतात, आकडे तपासतात आणि हळूहळू वाचकाच्या अंगावर काटा येतो. त्याला राक्षस लागत नाहीत. जॉन विंडम यांच्या 'द डे ऑफ द ट्रिफिड्स'ची बीबीसीनं १९८१मध्ये सहा भागांची मालिका केली. त्यातल्या चालत्या झाडांना लोक आजही हसतील, पण एका सकाळी जवळजवळ सगळं शहर आंधळं झालंय आणि लोक भिंती चाचपत चाललेत, हे बघताना कुणी हसत नाही. त्याला खर्च काय? भिंत आणि चांगले नट. अर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेथ ऑफ हेवन'वर अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनं १९८०मध्ये तुटपुंज्या पैशात चित्रपट केला. एका माणसाला पडलेलं स्वप्न जागं झाल्यावर खरं झालेलं असतं, आणि ते फक्त त्यालाच ठाऊक असतं. हे दाखवायचं म्हणजे नटाचा चेहरा दाखवायचा. पैसा कमी असला की लेखकाला जास्त राबावं लागतं, हे मात्र खरं, आणि आपल्याकडे नेमकी लेखनाचीच उधारी आधी मागतात.

पुस्तकांचे हक्क हा खर्चही वाटतो तेवढा सगळीकडे नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क असतो. हर्बर्ट १९८६मध्ये वारले, असिमॉव्ह १९९२मध्ये, क्लार्क २००८मध्ये. त्यांच्याकडे आपण बघू नये. नारळीकरांच्या लेखनासाठी रीतसर परवानगी घ्यावी लागेल आणि ती घ्यावी. पण एच. जी. वेल्स १९४६मध्ये वारले, म्हणजे २००७पासून त्यांचं सगळं लेखन इथे कुणालाही रूपांतरासाठी मोकळं आहे. सोलापुरातल्या एखाद्या नाट्यसंस्थेनं उद्या सकाळी 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'ची संहिता लिहायला घेतली तर तिला कुणी अडवू शकत नाही.

ह्याच कादंबरीवर मला जरा रेंगाळायचंय. मंगळावरून तीन पायांची यंत्रं येतात, इंग्लंड जाळत सुटतात, जगातलं सर्वांत बलाढ्य साम्राज्य हतबल होतं आणि शेवटी पृथ्वीवरचे साधे जंतू मंगळवासीयांचा निकाल लावतात. वेल्स पहिल्याच प्रकरणात वाचकाला सुनावतात की मंगळवासीयांना निर्दय म्हणण्याआधी आपण युरोपीयांनी टास्मानियातल्या लोकांचं काय केलं ते आठवा. म्हणजे ही वसाहतवादावरची कादंबरी आहे, लिहिणारा राज्यकर्त्यांपैकी आणि वाचणारेही. राज्य झालेल्यांच्या बाजूनं ती अजून नीट सांगितली गेलेली नाही. बीबीसीनं २०१९मध्ये तीन भागांत केली तेव्हा इंग्लंड आणि जुना काळ तर ठेवला, पण माझ्या मते एका जोडप्याच्या संसाराच्या भानगडीत फार वेळ घालवला. गाव बदलणं मात्र नवीन नाही. १९३८मध्ये ऑर्सन वेल्स यांनी रेडिओवर तीच गोष्ट अमेरिकेतल्या न्यू जर्सीत नेऊन ठेवली होती.

मग सोलापुरात का नको? पहिल्यांदा १९३० मनात येतं. त्या मे महिन्यात गोळीबारानंतर पोलीस शहर सोडून गेले, काही दिवस लोकांनी कारभार आपल्या हातानं चालवला आणि मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. पण ही खरी माणसं आहेत, चौकात त्यांचे पुतळे आहेत. त्यांच्या शेजारी तीन पायांची यंत्रं उभी करायला माझं मन धजत नाही, आणि कुणी केलंच तर मी विरोधात लिहीन.

मी १८९७ निवडीन. वेल्स यांची कादंबरी पुस्तक व्हायच्या आधी त्याच वर्षी एप्रिल ते डिसेंबर एका मासिकातून क्रमशः येत होती. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात प्लेग होता. जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. २२ जूनला पुण्यात चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. आणि सोलापूर जिल्हा १८९६-९७च्या दुष्काळात होरपळत होता. एकीकडे गिरणीचा भोंगा वाजतोय, दुसरीकडे दुष्काळी कामांवर खडी फोडायला माणसं चालली आहेत. लंडनचा लेखक जंतूंनी जेत्यांना हरवतोय त्याच महिन्यांत इथे जंतूंच्या नावाखाली जेते घराघरांत घुसून झडत्या घेत होते. अशा गावावर मंगळावरची यंत्रं उतरली तर कुणाला काय वाटेल? साहेबाची फौज पळताना बघून आधी आनंद होईल का? आणि मग आपली वस्ती जळायला लागल्यावर? खडी केंद्रावरचा माणूस म्हणेल, हे गेले काय नि ते आले काय, मजुरी कोण देणार? मूळ कादंबरीचा प्रश्न आणि शेवट न हलवता ती इथे आणखी टोकदार होते. यंत्र प्रत्यक्ष किती दाखवायचं? जुन्या गिरणीच्या भिंतीवर पडलेली एक लांब सावली आणि भोंग्याच्या सुरात सूर मिसळणारा आवाज, बस्स.

लोकांना हे झेपणार नाही, असं म्हणणारे शहाणे पुण्या-मुंबईत भेटतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे सोलापुरातही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर निघते. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं, जिथे भोक तिथे दोरा उचलला जाणार, जिथे नाही तिथे नाही. जाकार यांनी १८०४च्या सुमारास काढलेली ही युक्ती चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली आणि तिथून संगणकाचा वंश सुरू झाला. शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत ज्यांनी ती कार्डं ओवली, तुटलेली बदलली, त्यांनी आज्ञावलीत एक भोक चुकलं की अख्खी नक्षी कशी बिघडते ते हातांनी अनुभवलंय. त्यांना यंत्र आज्ञा पाळतं म्हणजे काय, हे समजावून सांगायला कुणी पुण्याहून यायची गरज नाही. आणि पुढे येऊ. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ह्याच परिसरातल्या ढगांत विमानानं बीजारोपणाचे प्रयोग केले. प्रयोगाच्या क्षेत्रात पाऊस सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष नंतर प्रसिद्ध झाला. वाढलेला पाऊस कुणाच्या वाट्याचा? शेजारच्या तालुक्याचा ढग आपण आधीच पिळून घेतला का? हे प्रश्न इथल्या पारावर विचारले जातात. विज्ञानकथा यापेक्षा वेगळं काय विचारते?

भाषेचंही तेच. परग्रहवासी आले की आधी दुभाषे लागतात आणि चांगल्या विज्ञानकथा तिथेच रंगतात. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात दखनी आणि शाळेत मराठी बोलणारी पोरं ज्या गावात सहज सापडतात, तिथे अशा कथेला पात्रं शोधत फिरावं लागणार नाही. फक्त त्यांना प्रमाण मराठीत बोलायला लावू नका. करमाळ्याच्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' आणि 'सैराट'मध्ये इथली बोली पडद्यावर ठेवली आणि सगळ्या महाराष्ट्रानं ती कान देऊन ऐकली. शास्त्रज्ञ मात्र आपल्या पडद्यावर अजून सदाशिव पेठेतच राहतो.

सरकारकडून काय हवं, तर फार नाही. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य शासन अनुदान देतं. त्याच धर्तीवर वर्षाला दोन छोट्या मालिकांना द्यावं आणि त्या सह्याद्री वाहिनीवर दाखवाव्यात, म्हणजे ज्याच्याकडे कुठल्याही ओटीटीची वर्गणी नाही त्यालाही बघता येतील. एकच अट कडक ठेवावी. पहिल्या भागाच्या पैशाआधी शेवटच्या भागाची पूर्ण संहिता जमा झाली पाहिजे. विज्ञान तपासायला मराठी विज्ञान परिषदेचा माणूस असावा, पण त्याला संवाद दुरुस्त करायचा अधिकार देऊ नये. नाहीतर प्रत्येक पात्र पाठ्यपुस्तकासारखं बोलायला लागेल.

आणि अनुदानाच्या आधी एक काम आपल्या खिशातून होण्यासारखं आहे. सोलापुरात नाटकवाल्यांची कमतरता कधीच नव्हती. सहा भागांची संहिता लिहावी आणि हुतात्मा स्मृती मंदिरात सहा संध्याकाळी तिचं अभिवाचन करावं. नेपथ्य नको, चार नट, एक हार्मोनियमवाला, भोंग्याचा आवाज. प्रवेश फुकट ठेवू नये. पन्नास रुपये तिकीट लावावं आणि ते रोजच्या रोज वेगळं विकावं. पहिल्या दिवशी ओळखीपाळखीचे येतीलच. चौथ्या-पाचव्या दिवशी पदरचे पन्नास रुपये टाकून कोण परत येतं, ते मोजावं आणि तो आकडा घेऊन मग वाहिनीच्या कचेरीत जावं.